पक्ष्यामागचं शिवार

कुणी पक्ष्याचा फोटो पाठवला की माझी नजर आधी पक्ष्याच्या मागे जाते. फांदी कसली आहे, तिला पालवी फुटली आहे की पानं गळताहेत, मागं भात उभं आहे की कापणी उरकली आहे, पायाखालची माती तांबडी की काळी, चोचीत धरलंय ते काय आहे. एवढं बघून झालं की मग डोळा, पंख, शेपटी. आमच्या बेळगावकडच्या फोटोवाल्या मंडळींना माझी ही सवय माहीत झाली आहे. काहींना ती पटत नाही, हेही मला ठाऊक आहे. पण गेल्या काही हिवाळ्यांत या एका गोष्टीबद्दल माझं मत पक्कं होत गेलं, म्हणून आज ते सविस्तर लिहितो.

सध्या ज्या फोटोला सगळ्यांत जास्त दाद मिळते, त्यात पक्ष्यामागे काहीच नसतं. गुळगुळीत हिरवा किंवा मातकट रंग, त्यावर एक स्वच्छ काडी, काडीवर पक्षी. हे साधणं सोपं नाही. पाचशे-सहाशे मिलिमीटरची लेन्स लागते, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, जमेल तितकं उघडं ठेवावं लागतं, पक्षी आपल्याजवळ आणि मागची झाडी त्याच्यापासून लांब असावी लागते. पाण्याकाठच्या पक्ष्यासाठी ओल्या चिखलात पोटावर पडून लेन्स त्याच्या डोळ्याच्या पातळीला आणतात, म्हणजे मागची जमीन विरघळून जाते. पिसाचा तंतू न् तंतू दिसतो. या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे आणि असा फोटो बघताना मलाही आनंद होतो. पण थोड्या वेळानं प्रश्न पडतो, हा खंड्या कुठला? बेळगावजवळच्या मार्कंडेय नदीच्या काठचा, की केरळातल्या एखाद्या कालव्यावरचा? फोटोत त्याचं उत्तर नसतं.

दुसऱ्या एखाद्या सपाट, एकसारख्या जिल्ह्यात हे चालूनही गेलं असतं. बेळगावात चालत नाही, कारण इथं थोड्या थोड्या अंतरावर पाऊस बदलतो, माती बदलते आणि त्यांच्याबरोबर पक्षीही बदलतात. खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला आमगाव, कणकुंबी, चोर्ला. कर्नाटकात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या गावांत आमगावचं नाव घेतात. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, भीमगडच्या रानात म्हादई. हे रान २०११ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालं. तिथं महाधनेश आहे, मलबारी कर्णा आहे, पावसाळा लागला की ओढ्याच्या खळाळावरून ऐकू येणारी शीळ कस्तुराची तान आहे. तिथून पूर्वेला निघालं की जांबोटीनंतर जंगल विरळ होत जातं. खानापूर-बेळगाव पट्ट्यात भाताची खाचरं लागतात. निपाणीकडे वळलात तर तंबाखू आणि ऊस. गोकाक मागं टाकून अथणीच्या किंवा सौंदत्तीच्या वाटेला लागलं की ज्वारीची रानं, बाभळी, उघडे माळ आणि त्यावरून जमिनीलगत तरंगत जाणारे भोवत्या ससाणे. सकाळी कणकुंबीच्या धुक्यात भिजलेला माणूस दुपारी सौंदत्तीच्या उन्हात घाम पुसत उभा राहू शकतो.

साध्या बुलबुलाचं घ्या. शिपाई बुलबुल ओलाव्याकडे, झाडीकडे ओढ घेतो. लालबुड्या बुलबुलाला कोरडं, मोकळं, काटेरी झुडपांचं रानही चालतं. बेळगाव शहरात दोघं भेटतात, कधी एकाच आवारात. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या जुन्या झाडांत सकाळी फिरायला येणाऱ्यांनाही दोघांचे आवाज ओळखीचे असतात. शहराच्या कुठल्या बाजूला कोण जास्त, कुठल्या वसाहतीतली झाडं गेल्यावर कोण दिसेनासा झाला, हे बघायचं तर बुलबुलाच्या तुऱ्याचा नुसता देखणा फोटो पुरत नाही. त्यामागची भिंत, गच्ची, शेवग्याचं झाड, बांधकामाची वाळू हे सगळं लागतं.

माझं मत ज्यानं पक्कं केलं तो फोटो अगदी साधा होता. येळ्ळूरकडच्या शिवारात भात काढून झालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. हिवाळ्यात त्या हिरव्या पट्ट्यांवर उत्तरेकडून आलेले पाहुणे उतरतात, त्यात गप्पीदास असतो. चिमणीएवढा पक्षी, छातीवर नारिंगी छटा, नराचं डोकं काळसर. उंच जागी बसायचं, खाली झेप घ्यायची, किडा उचलायचा, पुन्हा जागेवर यायचं, असा त्याचा दिवस जातो. आमच्यातल्या कॉलेजच्या एका मुलानं तो टिपला आणि सगळ्यांना पाठवला. चोचीत अळी, मागे अंधुक राजहंसगडाची टेकडी. पक्षी बसला होता तो एका आडव्या काठीवर. उभ्या काठीला वरच्या टोकाला आडवी काठी दोरीनं बांधलेली. मुलानं खाली लिहिलं होतं, ‘बॅकग्राउंडसाठी सॉरी, काठी मध्ये आली.’ लगेच दोघातिघांनी उपाय सुचवले. एकानं काठी पुसून तिथं झुडपाची काडी बसवून देतो म्हणून सांगितलं, आणि हल्ली ते मिनिटभराचं काम असतं.

आमच्यात वडगावचे एक शेतकरी काका आहेत. ते फोटो क्वचित काढतात, बघतात मात्र सगळे. त्यांनी आवाजातला निरोप पाठवला, “अरे बाळा, ती काठी मुद्दाम रोवलेली हाय. मी पण माझ्या रानात रोवलोय. हरभऱ्यात आळी पडत्या, तिच्यासाठी. तो वर बसून आळ्याच खाऊलालाय बघ. काठी पुसलास तर तो बसणार कशावर?”

त्या काठीला शेतीत पक्षीथांबा म्हणतात. हरभऱ्यावर घाटेअळी येते, ती घाट्याला भोक पाडून आतला दाणा खाते. हरभऱ्याचं पीक बुटकं असल्यामुळे पक्ष्यांना टेहळणी करायला उंच जागा मिळत नाही. म्हणून इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या काठ्या शेतात जागोजागी रोवायच्या. कोतवाल, साळुंखी, वेडा राघू, गप्पीदास त्यावर येऊन बसतात आणि अळ्या-किडे टिपतात, फवारणी कमी होते. कृषी खात्याची माणसं आणि कृषी विद्यापीठं ही शिफारस करतात. म्हणजे ज्या काठीला आम्ही फोटोतला दोष समजत होतो तीच तर त्या फोटोची गोष्ट होती. पक्षी, अळी, काठी आणि शेत, चारही एका चौकटीत आलेली. काठी पुसली असती तर उरला असता सुंदर गप्पीदास, आणि तसे सुंदर गप्पीदास आमच्या प्रत्येकाकडे आहेत.

एवढ्यावर ते थांबलं नाही. दोन दिवसांनी काकांनी मोबाइलवर काढलेला एक फोटो पाठवला. त्यात पक्षीच नव्हता. थांब्याच्या बुडाशी पडलेल्या करड्या गोळ्या होत्या, एक फोडून आतली बारीक हाडं आणि केस दाखवलेले. घुबडं भक्ष्य पचवून झाल्यावर न पचलेला भाग असा गोळी करून तोंडावाटे टाकून देतात. दिवसा गप्पीदास ज्या काठीवर बसतो, त्याच काठीवर रात्री पिंगळा किंवा गव्हाणी घुबड येऊन उंदरांवर लक्ष ठेवतं. आमच्यातल्या कुणीही त्या काठीचा रात्रीचा विचार केला नव्हता. त्या एका फोटोवर जितकं बोलणं झालं तितकं मी आजवर कुठल्याच देखण्या फोटोवर झालेलं पाहिलं नाही. निपाणीकडच्या एकानं ऊसतोडीच्या वेळी फडात सापडलेल्या घुबडाच्या पिलांबद्दल सांगितलं. खानापूरच्या ताईंनी विचारलं की भाताच्या खाचरात काठ्या रोवल्या तर चालतं का. त्यावर काका म्हणाले, चालतं, पण दाणा भरायला लागला की काढून घ्यायच्या, नाहीतर दाणे खाणारे पक्षी त्यावरच येऊन बसतात. हे ज्ञान आमच्या हाताशीच होतं. फोटोनं ते बोलतं केलं, आणि तेही फोटोतली काठी शिल्लक राहिली म्हणून.

एकमेकांना फोटो पाठवायचे कशासाठी, याचं मला पटलेलं उत्तर इथं आहे. मी जे पाहिलं ते दुसऱ्यानंही पाहावं हे आहेच, पण मला जे दिसलं नाही ते त्याला दिसावं, हे त्याहून मोठं आहे. झाडं ओळखणारा माणूस फांदीवरून बोलेल. शेतकरी पिकावरून बोलेल. शिकवणारी बाई पक्ष्याच्या बसण्याच्या ढबीवरून पिल्लू की मोठा ते सांगेल. प्रत्येकाला पकडायला चौकटीत काहीतरी हवं. गुळगुळीत हिरव्या रंगाबद्दल कुणी काय बोलणार? ‘अप्रतिम’, ‘क्लास शॉट’, अंगठा. तिथं बोलणं संपतं.

तारेवरच्या पक्ष्याचंही तसंच. विजेच्या तारेवर बसलेला पक्षी टिपायचा नाही, असा आमच्या छंदातला एक अलिखित नियम आहे. पण सौंदत्ती-रामदुर्ग भागातल्या लांबच लांब रस्त्यांवर उंच झाडं फार कमी. नीलपंख तिथं तारेवरच बसणार, तिथूनच खाली नाकतोडा हेरणार. तार टाळायची म्हटलं तर तो एखाद्या बोराटीवर येईपर्यंत थांबायचं आणि ‘नैसर्गिक’ फोटो घ्यायचा. त्या भागात नीलपंख रोज कसा जगतो हे तारेच्या फोटोत आहे, बोराटीच्या नाही. हा नीलपंख कर्नाटकाचा राज्यपक्षी. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, तोही आमच्याकडे आहे. कॅम्पातल्या जुन्या वडांवर फळं पिकली की थवा येऊन बसतो आणि पानांत असा मिसळतो की हालचाल झाली तरच दिसतो. वडाशिवाय हरियाल दाखवायचा म्हणजे त्याची निम्मी ओळख पुसायची. नीलपंखाची काळजी वाटावी अशी स्थिती आहे. २०२३ साली आलेल्या देशभरातल्या पक्ष्यांच्या अहवालात त्याची संख्या घटत असल्याचं म्हटलं आहे आणि त्याच्या जागतिक धोका-श्रेणीचा फेरविचार व्हावा अशी शिफारस केली आहे. त्या अहवालामागे तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी नोंदवलेली सुमारे तीन कोटी निरीक्षणं आहेत. ही बहुतेक तुमच्या-माझ्यासारखी हौशी माणसं. तारेवर बसलेला, जरा दूरचा, जरा मंद उजेडातला नीलपंख त्यांनी जागा आणि तारीख लिहून नोंदवला, म्हणून तो मोजला गेला.

जागा आणि तारीख लिहिण्याची शिस्त आपल्याकडे नवी नाही. १८८० च्या आसपास कॅप्टन ई. ए. बटलर हे ब्रिटिश लष्करातले अधिकारी बेळगावात होते. दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखातल्या पक्ष्यांची त्यांनी तयार केलेली यादी १८८१ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या पक्षीविषयक नियतकालिकात छापून आली. तो काळ बंदुकीचा. पक्षी मारायचा, कातडं काढून त्यात कापूस भरायचा आणि जाणकाराकडे पाठवायचा. समानधर्मी लोकांना दाखवण्याची तेव्हाची पद्धत ती होती. ती आज कुणालाच नको आहे. पण प्रत्येक कातड्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असे. कुठे मिळाला, कधी मिळाला, नर की मादी, कुणी मिळवला. ह्यूम यांनी आपला अवाढव्य संग्रह १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला दिला, आणि अशा संग्रहातली कातडी आजही अभ्यासाला उपयोगी पडतात ती त्या चिठ्ठीमुळे. चिठ्ठी हरवलेलं कातडं कितीही चांगलं राहिलेलं असो, अभ्यासाच्या दृष्टीनं ते जवळजवळ मुकं असतं.

आमचे फोटो मात्र रोज आपली चिठ्ठी हरवत असतात. कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये तारीख, वेळ, लेन्स, शटरचा वेग लिहून ठेवतो. मोबाइल तर परवानगी दिली असेल तर अक्षांश-रेखांशही लिहितो. व्हॉट्सॲपवर तो नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की फाइल लहान होते आणि ही माहिती गळून पडते. पुढं तो दहा ठिकाणी फिरतो. जानेवारीत टिपलेला पक्षी जूनमध्ये कुणीतरी ‘आज सकाळी’ म्हणून पुढं ढकलतो. दांडेलीचा धनेश जांबोटीचा होतो. फिरून फिरून तो पुन्हा मूळ माणसाकडे येतो तेव्हा त्याच्या खाली दुसऱ्याच गावाचं नाव असतं. अशा वेळी चौकटीत फणसाची फांदी, जांभ्याचा दगड, भाताची गंजी असं काही राहिलेलं असेल तर निदान शंका घेता येते. चौकटीतलं रान ही न गळणारी चिठ्ठी आहे, असं मी मानतो.

आता या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

चोर्ल्याच्या आजूबाजूच्या दाट रानात बेडूकमुख्या नावाचा पक्षी आहे. निशाचर, जेमतेम बुलबुलाएवढा, रुंद जबड्याचा. दिवसभर तो एका फांदीवर वाळक्या पानासारखा निश्चल बसून राहतो. जोडी असेल तर एकमेकांना चिकटून. कित्येक दिवस जागा बदलत नाही. तोच त्याचा बचाव, आणि फोटो काढणाऱ्यांची गर्दी जमली की तोच त्याचा घात. एकदा जागा कळली की पक्षी हमखास सापडतो. एकाचा फोटो आला की दुसऱ्याला जायचं असतं, तिसऱ्याला त्याहून चांगला हवा असतो. घरटं म्हणजे शेवाळ, साल आणि स्वतःची मऊ पिसं लावून केलेली छोटीशी गादी, त्यावर एकच अंडं. दिवसा नर ते उबवतो. एकच अंडं असल्यामुळे ते गेलं की त्या खेपेपुरतं सगळं गेलं.

अशा ठिकाणी जे घडतं ते सांगायला हवं. पक्ष्यासमोर पानं असतात, डहाळी असते, चौकट ‘स्वच्छ’ नसते. मग कुणीतरी ती डहाळी वाकवून बांधतं. कुणी मोडूनच टाकतं. हे फक्त बेडूकमुख्याच्या बाबतीत होत नाही. नाचण, शिंजीर, स्वर्गीय नर्तक, ज्यांची घरटी हाताच्या अंतरावर असतात त्या सगळ्यांच्या वाट्याला हे येतं. समोरची पानं गेली की दुपारचं ऊन सरळ पिल्लांवर येतं आणि कावळ्याला, भारद्वाजाला घरटं दिसू लागतं. फोटो काढणारा तोवर घरी जाऊन पोहोचलेला असतो. पक्ष्यामागची जागा पुसण्याचा हट्ट आणि पक्ष्यासमोरचं पान मोडण्याचा हट्ट, माझ्या मते एकाच मुळातून येतात. दोन्हींत आपल्याला पक्षी त्याच्या जगातून सुटा करून हवा असतो. पहिल्यात नुकसान फोटोचं होतं, दुसऱ्यात जिवाचं.

धनेशाच्या ढोलीबद्दल तर दरवर्षी फेब्रुवारी-मार्चपासून पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मादी ढोलीत शिरून आतून तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. पुढचे कित्येक आठवडे तिचं आणि पिल्लांचं पोट नराच्या फेऱ्यांवर असतं. खाली माणसं उभी दिसली की नर लांबच्या झाडावर थांबून राहतो, चोचीत उंबरं घेऊन. त्या क्षणाचे फोटो फार छान येतात, कारण तो हलत नाही. पण तो का हलत नाही हे बघणाऱ्याला सांगितलं पाहिजे. तसा फोटो दिसला की मी दाद देत नाही. विचारतो, ढोलीपासून किती लांब उभे होतात? नवी मुलं या प्रश्नानं दुखावत नाहीत, असा माझा अनुभव आहे. त्यांना कुणी आधी विचारलेलंच नसतं.

म्हणून आमच्यात बोलून बोलून एक रीत ठरत गेली. गाव लिहायचं, झाड लिहायचं नाही. घरटं, ढोली, दिवसाची बसायची ठरावीक फांदी यांचे फोटो हंगाम संपेपर्यंत पाठवायचे नाहीत, आणि काही पक्ष्यांच्या बाबतीत संपल्यावरही नाहीत. ई-बर्डसारख्या पक्ष्यांच्या ऑनलाइन नोंदवहीतही काही संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा इतरांपासून लपवली जाते, ती याचसाठी. यावर एकानं मला विचारलं, “सर, एकीकडे तुम्ही जागा दाखवा म्हणता आणि एकीकडे लपवा म्हणता, मग आम्ही करूलालोय ते बरोबर की चूक?” प्रश्न योग्य होता. मी म्हणालो, रान दाखव, पत्ता देऊ नकोस. हरभऱ्याचं शेत हे रान आहे. तळ्याचा काठ, उसाचा फड, कारवीचा उतार, ही रानं आहेत. तिथं पक्षी येतो-जातो, आज या काठीवर, उद्या त्या बांधावर. ढोली हा पत्ता आहे. या दोन्हींतली रेघ प्रत्येक वेळी स्वच्छ दिसते असं नाही. भोवत्या ससाणे रात्री गवतात एकत्र मुक्काम करतात. ते गवत रान की पत्ता? आम्ही त्याला पत्ता ठरवलं. गवताळ माळ आधीच कमी, आणि तिन्हीसांजेला गाड्यांचे दिवे घेऊन गेलेली दहा माणसं तो मुक्काम उठवू शकतात.

पश्चिमेच्या रानात फोटोग्राफीची आणखी एक अडचण उजेडाची. पावसाळ्यात कणकुंबीच्या बाजूला सकाळी दहालाही संध्याकाळ असल्यासारखं वाटतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, चढवावा लागतो, फोटो रवाळ येतो. पायाला जळवा, लेन्सवर बाष्प, आणि चार महिने घरात नीट न सुकवता ठेवली तर लेन्सच्या आत बुरशी. बेळगावात ज्याच्याकडे जुनी लेन्स आहे त्याला हे सांगायला नको, हवाबंद डबा आणि सिलिका जेल हा इथला अत्यावश्यक सरंजाम आहे. पण तो रवाळपणा मी आता संगणकावर घासूनपुसून काढत नाही. मलबारी कर्ण्याचं लाल पोट त्या काळोखात जसं निखाऱ्यासारखं दिसतं, तसंच दाखवलं तर बघणाऱ्याला त्या रानातला उजेडही कळतो.

याउलट धूपदाळ. घटप्रभेवरचा बंधारा, गोकाक धबधब्याच्या वरच्या अंगाला, आणि त्याच्या पाणथळीवर घटप्रभा पक्षी अभयारण्य. हिवाळ्यात तिथं कांड्या करकोचे, पांढरे करकोचे, नाना जातींची बदकं उतरतात. उजेड भरपूर, पण पक्षी लांब. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि सहाशेची लेन्सही हात टेकते. तिथले बहुतेक फोटो स्पर्धेच्या दृष्टीनं टाकाऊ असतात. क्षितिजाशी करड्या ठिपक्यांची ओळ, खाली पाणी, कडेला चिखल. गोकाकचे एक मित्र, त्यांची बोलायची भाषा कन्नड, मराठी आमच्याकडून शिकलेले, दर हिवाळ्यात एकाच जागी उभं राहून एकाच दिशेला असा फोटो काढतात आणि आम्हाला पाठवतात. त्यांच्या फोटोत आम्ही करकोचे मोजतो. हळूहळू आमच्या लक्षात आलं की पक्ष्यांबरोबर आपण चिखलही मोजतोय. पाणी उतरून चिखलाचा पट्टा रुंद उघडा पडला की तुतारी, शेकाट्या अशा काठावर चरणाऱ्यांची गर्दी. पाणी भरलेलं असलं की काठ रिकामा, बदकं मधोमध. वेगवेगळ्या सालांचे ते फोटो शेजारी ठेवले की बंधाऱ्यातलं पाणी आणि पक्षी यांचं नातं दिसू लागतं. पक्षी जवळ यावेत म्हणून त्यांनी पाण्यात उतरायचं ठरवलं असतं तर यातलं काहीच हाती आलं नसतं, आणि पक्षी उडाले असते ते वेगळंच.

हे सगळं आजच लिहायला बसलो त्याला कारण आहे. येळ्ळूर, वडगाव, अनगोळ, शहापूर, हलगा या भागातलं शिवार म्हणजे बेळगाव बासमतीचं शिवार. हलगा-मच्छे बायपास या सुपीक जमिनीतून काढला म्हणून शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. रस्ता होण्याआधी या खाचरांत काय काय उतरत होतं, हे दाखवायला आमच्याकडे काय आहे म्हणून मी सगळ्यांना जुने फोटो मागितले. भरपूर आले. लावणीच्या दिवसातले गायबगळे, कापणीनंतरचे काळे शराटी, धोबी, टिटव्या, तितर. एकेक फोटो सुरेख. आणि बहुतेकांत फक्त पक्षी, इतका जवळून कापलेला की खालचं एक ढेकूळही दिसत नाही. ते याच शिवारातले आहेत हे काढणाऱ्यालाच ठाऊक. कापण्याआधीची मूळ फाइल विचारली तर अनेकांनी जागा अडते म्हणून ती पुसून टाकलेली.

तरी काहींकडे ती असणार. जुन्या हार्ड डिस्कमध्ये, मेमरी कार्डात, मुलाच्या नावानं केलेल्या एखाद्या फोल्डरमध्ये. हलगा ते मच्छे या पट्ट्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत तुम्ही एखादा पक्षी टिपला असेल, तर न कापलेला फोटो शोधा. फोटो हललेला असला, पक्षी बारीक आला असला, मागे ट्रॅक्टर किंवा विजेचा खांब आला असला तरी पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तारीख टिकेल. सोबत शिवाराचं नाव आणि आठवत असेल तर त्या साली शेतात काय होतं ते एका ओळीत लिहा. वडगावच्या काकांनी ते फोटो गावनिहाय लावायचं काम अंगावर घेतलं आहे. बांध बघून शेत ओळखतो म्हणालेत, आणि आतापर्यंत आलेल्यांपैकी कितीतरी त्यांनी ओळखलेही आहेत.